‘निरीक्षण करण्यात आले’ : गुणात्मक संशोधनातील निरीक्षकाच्या स्थानाची चिकित्सा

प्रास्ताविक

सामाजिक शास्त्रांतील मराठी प्रबंधांत संशोधन पद्धतीचे एक प्रकरण हमखास असते. तथ्य संकलनाची साधने सांगताना प्रश्नावली, अनुसूची व मुलाखत यांच्यानंतर त्यात निरीक्षणाचा उल्लेख येतो. सहभागी व असहभागी, नियंत्रित व अनियंत्रित असे प्रकार नोंदवले जातात, गुण-दोषांची यादी दिली जाते आणि ‘प्रस्तुत संशोधनासाठी निरीक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे’ या वाक्याने विषय संपतो. पुढील प्रकरणांत सारण्या व टक्केवारी येते. परंतु कोणी, कोठे उभे राहून, किती काळ, काय पाहिले याचा मागमूस बहुधा लागत नाही. ‘करण्यात आले’ या कर्मणी रचनेत निरीक्षण शिल्लक राहते, निरीक्षक मात्र नाहीसा होतो.

हा केवळ भाषाशैलीचा प्रश्न नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.पूर्वी संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम आवश्यक ठरविला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांतही क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे उपक्रम आले आहेत. परिणामी, पूर्वी मोजक्या संशोधकांपुरते असलेले क्षेत्रकार्य आता पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचले आहे. विद्यार्थी वस्तीवर जातील, लोकांच्या घरात बसतील, त्यांच्याविषयी लिहितील. त्यांना पाहावयास कसे शिकवावे, हा प्रश्न म्हणूनच सर्व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांचा आहे.

प्रस्तुत लेखात त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५), इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि एम. एन. श्रीनिवास यांचा ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६) या तीन लेखनांच्या आधारे निरीक्षण पद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. निरीक्षकाचे सामाजिक स्थान हा निरीक्षणाला चिकटलेला दोष नसून तो पुराव्याचाच एक भाग आहे, आणि त्या स्थानाची कबुली पद्धतीत काही बदल घडवीत असेल तरच तिला अर्थ आहे, असे येथील प्रतिपादन आहे.

१. साधन की संबंध?

पद्धतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तकांत निरीक्षणाचे वर्णन साधन म्हणून येते. साधन म्हटले की ते कोणाच्याही हाती सारखेच चालावे, ही अपेक्षा ओघानेच येते. मग निरीक्षकाची जात, लिंग, भाषा, पद या गोष्टी ‘पूर्वग्रह’ या सदरात टाकल्या जातात आणि त्यांचे निर्मूलन करावे, असा उपदेश केला जातो. मोजपट्टीच्या बाबतीत हे योग्यच आहे. तथापि, माणसाने माणसाला पाहणे ही उभयपक्षी क्रिया आहे. ज्याला पाहावयाचे तोही पाहणाऱ्याकडे पाहत असतो. समोरचा तलाठी आहे, की पाहुणा, की जातभाई, यावर काय दाखवावयाचे आणि काय झाकावयाचे हे तो ठरवितो.

मानवशास्त्राच्या इतिहासातही या प्रश्नाची जाणीव हळूहळू झाली. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२२ च्या ‘अर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ या ग्रंथात दीर्घकाळ वस्ती, स्थानिक भाषेचे ज्ञान आणि दैनंदिन नोंदी यांवर आधारलेल्या सहभागी निरीक्षणाचा आदर्श मांडला. त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये त्यांची खासगी रोजनिशी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच ट्रोब्रिआंड बेटांवरील लोकांविषयीचा त्यांचा त्रागा आणि एकटेपणा उघड झाला. या रोजनिशीमुळे मूळ ग्रंथ खोटा ठरला नाही. पण ग्रंथात निरीक्षकाची कोणती बाजू लिहिली गेली आणि कोणती वगळली गेली, हा प्रश्न कायमचा उभा राहिला. रेमंड गोल्ड यांनी १९५८ मध्ये पूर्ण सहभागीपासून पूर्ण निरीक्षकापर्यंत ज्या चार भूमिका सांगितल्या, त्याही वस्तुतः संबंधांच्याच पायऱ्या आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या प्रकारांच्या यादीसारख्या पाठ केल्या जातात, हे दुर्दैव होय.

२. ‘गावगाडा’ : कचेरीतून दिसणारे गाव

आत्रे हे ब्रिटिश अमदानीत मुलकी खात्यात नोकरीस होते. गावोगावच्या फिरतीतून त्यांनी जमविलेली माहिती थक्क करणारी आहे. काळी-पांढरी, वतनदार, कारू-नारू, फिरस्ते, सण-उत्सव, देवघेव अशा अंगांनी त्यांनी गावाची रचना उलगडली. कोणतीही प्रश्नावली, नमुना निवड वा सांख्यिकी यांच्याशिवाय लिहिलेला हा ग्रंथ शतकानंतरही संदर्भासाठी उघडावा लागतो. निरीक्षणाच्या सामर्थ्याचा मराठीत याहून मोठा दाखला क्वचितच सापडेल. व्यवहारातील शब्द जसेच्या तसे टिपण्याची त्यांची दृष्टी आजच्या क्षेत्रकार्यालाही आदर्शवत आहे.

परंतु हे गाव कोठून दिसते, हेही पाहिले पाहिजे. आत्र्यांच्या सहानुभूतीचा केंद्रबिंदू म्हणजे कुणबी. पिकावर कोणाकोणाचा हात पडतो याचा हिशेब ते मांडतात आणि त्या हिशेबात बलुतेदार, अलुतेदार व विशेषतः फिरस्ते हे ओझे म्हणून उभे राहतात. सारा गोळा करणाऱ्या आणि सुव्यवस्था राखणाऱ्या यंत्रणेला गाव असेच दिसणे स्वाभाविक होते. याच लेखकाने ‘गुन्हेगार जाती’ या नावाचे पुस्तक लिहिले, ही बाब योगायोगाची नाही. १८७१ पासून कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले होते आणि हा कलंक कायद्याच्या पुस्तकातून दूर होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. निरीक्षणाची कोटी आणि शासनाची कोटी येथे एक झाली आहे.

याच्या शेजारी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ठेवून वाचावे. गावाच्या शिवेवर उतरणारे बिऱ्हाड ‘गावगाड्या’त गावाच्या बाजूने दिसते, ‘उपरा’मध्ये तीच शीव बिऱ्हाडाच्या बाजूने दिसते. गाव कोणत्या दिवसापर्यंत टिकू देईल, कामाचा मोबदला मिळेल की नाही, मुलाला शाळेत बसू देतील काय, हे प्रश्न पहिल्या बाजूने दिसूच शकत नाहीत. आत्र्यांची नोंद त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. ती कोणत्या जागेवरून केलेली आहे हे कळल्यावर ती गावाविषयी आणि गावावर राज्य करणाऱ्या नजरेविषयी, अशा दोन्ही गोष्टींचा पुरावा ठरते. आत्रे स्वतः ही जागा सांगत नाहीत; वाचकाला ती शोधावी लागते.

३. ‘वाटचाल’ : पंक्तीतील रेषा

इरावती कर्वे यांचे शिक्षण काटेकोर मोजमापाच्या परंपरेत झाले होते. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे आणि नंतर बर्लिन येथे शारीरिक मानवशास्त्रात त्यांनी संशोधन केले; पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केले. मानवमितीची साधने हाताळणाऱ्या या विदुषीने पंढरीच्या वारीविषयी लिहिताना मात्र साधन बाजूला ठेवले व त्या दिंडीबरोबर चालल्या. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख त्यातून आला.

या लेखाचे पद्धतिशास्त्रीय महत्त्व त्यातील एका शोधात आहे. वारकरी एकत्र चालतात, एकच अभंग गातात, एकाच देवाकडे निघालेले असतात. मात्र मुक्कामावर ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी बसते. ही विसंगती त्यांनी केवळ टिपली नाही. त्या मराठा स्त्रियांबरोबर जेवावयास बसल्या आणि त्यानंतर त्या स्त्रियांशी त्यांच्या संबंधाचा पोत कसा बदलला, याचीही नोंद त्यांनी केली. रेषा ओलांडल्यामुळे रेषेविषयीचे ज्ञान मिळाले. ‘आपण जातिभेद पाळता काय?’ असा प्रश्न अनुसूचीत घालून हे ज्ञान हाती आले नसते. कारण वारीच्या वाटेवर या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी नकारार्थीच दिले असते.

येथे एक गोष्ट विशेष लक्ष वेधून घेते. हाच लेख इंग्रजीत अनुवादित होऊन १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. मराठीत ज्याला आपण ललित निबंध म्हणतो तोच इंग्रजीत क्षेत्रअभ्यास ठरला. मराठी ज्ञानव्यवहाराने ‘मी’ला ललित साहित्यात जागा दिली आणि संशोधनातून त्याची हकालपट्टी केली. परिणामी, आपल्याकडील उत्तम निरीक्षणे ललित लेखांत, आत्मकथनांत आणि रिपोर्ताजांत गेली. शोधनिबंधांच्या वाट्याला सारण्या राहिल्या. ही विभागणी शास्त्राच्या गरजेतून आलेली नाही, ती सवयीची आहे.

‘वाटचाल’ला मर्यादाही आहेत. कर्व्यांना ती रेषा ओलांडता आली, कारण ती ओलांडण्याचा अधिकार वरच्या बाजूला होता. त्याच दशकात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले झाले. ज्यांच्यासाठी देवळाचे दारच आतापर्यंत बंद होते, त्यांना पंक्तीची रेषा खालून ओलांडणे तितके सहज शक्य नव्हते. कर्व्यांची अस्वस्थता प्रामाणिक आहे. परंतु ती वारीच्या समतेचा एक छेद दाखविते, संपूर्ण उभा छेद नव्हे.

४. ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ : कबुली आणि तिची किंमत

श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळील एका गावात क्षेत्रकार्य केले. ग्रंथात त्याला ‘रामपुरा’ हे नाव दिले आहे. २४ एप्रिल १९७० रोजी ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील अभ्यासकेंद्रात असताना तेथे लावलेल्या आगीत त्यांच्या प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या प्रती जळून गेल्या. मानवशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांच्या सूचनेवरून त्यांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ लिहिला आणि तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात श्रीनिवास आपले स्थान मोकळेपणाने सांगतात. ते गावप्रमुखाच्या मालकीच्या जागेत राहिले. ब्राह्मणाने गावात कसे वागावे याविषयी गावकऱ्यांच्या ठाम अपेक्षा होत्या आणि त्या अपेक्षांनी त्यांच्या वावराला मर्यादा घातल्या. आपली गावाकडे पाहण्याची दृष्टी वरच्या जातींची राहिली, हेही त्यांनी नमूद केले आहे. ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण गावातील तीन महत्त्वाच्या पुरुषांवर आहे. आत्रे जे बोलत नाहीत ते श्रीनिवास बोलतात, आणि भारतीय समाजशास्त्रात हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही.

तथापि, समीक्षकाने येथे थांबून विचारले पाहिजे : या कबुलीने पद्धतीत काय बदलले? कबुली आली ती क्षेत्रकार्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने. तोपर्यंत दलित वस्तीत जाऊन राहण्याची, तेथून तेच गाव पाहण्याची संधी निघून गेली होती. श्रीनिवास यांची लेखनशैली इतकी प्रसन्न आहे की, वाचक कबुलीलाच पुरावा समजून पुढे जातो. आजच्या प्रबंधांत ‘संशोधकाचे स्थान’ या मथळ्याखाली एक परिच्छेद लिहून मोकळे होण्याची जी प्रथा रूढ होत आहे, तिचा धोका हाच आहे. स्थान सांगितले, पण त्यामुळे कोणाशी बोलता आले नाही, कोणते दार उघडले नाही आणि ती उणीव कोणत्या मार्गाने भरून काढली, हे सांगितले नाही, तर तो परिच्छेद म्हणजे नुसता उपचार होय.

५. पाहणारे आणि पाहिले जाणारे

गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील लेखात भारतीय सामाजिक शास्त्रांच्या समतेविषयीच प्रश्न उपस्थित केला. सिद्धांत मांडणारे एक आणि अनुभव व तथ्ये पुरविणारे दुसरे, ही विभागणी जातिव्यवस्थेचीच छाया आहे, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे सुंदर सरुक्काई यांच्यासमवेत लिहिलेल्या ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) या ग्रंथात अनुभव आणि सिद्धांत यांच्या नात्याची चर्चा अधिक सखोल झाली. अनुभव घेणाऱ्यालाच सिद्धांत मांडण्याचा अधिकार आहे काय, हा वाद मिटलेला नाही. पण ज्याला पाहिले जाते त्याला आपल्या आयुष्याचा अर्थ लावता येत नाही, हे गृहीतक मात्र यापुढे कोणालाही बाळगता येणार नाही.

ग्रामीण महाविद्यालयांत या प्रश्नाला वेगळीच धार येते. येथील विद्यार्थी पुष्कळदा अभ्यासविषय ठरलेल्या समाजातूनच आलेला असतो. ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊ. ‘ऊसतोड कामगारांची सामाजिक-आर्थिक स्थिती’ या विषयावरील अनुसूचीत ‘कुटुंबप्रमुखाचे मासिक उत्पन्न’ हा रकाना असतो. वस्तुतः येथे कामाचे एकक ‘कोयता’ आहे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोबदला टनावर ठरतो, हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल त्यातून फिटते, आणि बाईच्या श्रमाची वेगळी मोजदादच होत नाही. महिन्याचे उत्पन्न या प्रश्नाला येथे उत्तर नाही. मिळालेला आकडा हा उत्तर देणाऱ्याने सौजन्याने केलेला अंदाज असतो. ज्या मुलीचे बालपण कारखान्यावरच्या कोपीत गेले, तिला हे ठाऊक असते. आपली पद्धती तिला सांगते की, तुझी जवळीक हा पूर्वग्रह आहे, तू तटस्थ राहा. ती ठाऊक असलेली गोष्ट विसरून चुकीचा रकाना भरते व आपण त्या आकड्याला वस्तुनिष्ठ म्हणतो.

याचा अर्थ आतला माणूस जे सांगेल ते प्रमाण मानावे, असा नव्हे. जवळिकीलाही आंधळे कोपरे असतात. जे रोज पाहिले ते नोंदविण्यासारखे वाटत नाही. मुकादम नात्यातला असेल तर त्याच्याविषयी लिहिताना हात आखडतो. बाहेरच्याने आपले अंतर आणि आतल्याने आपली जवळीक तपासावी, एवढेच सांगावयाचे आहे. दोघांनाही शिस्त लागते. फक्त शिस्तीचे स्वरूप वेगळे असते.

६. आक्षेप आणि निकष

गुणात्मक संशोधनावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात : नमुना लहान असल्याने सामान्यीकरण करता येत नाही, आणि दुसऱ्या संशोधकाला तेच निष्कर्ष मिळतील याची खात्री नसते. पहिल्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. ‘प्रभुत्वशाली जात’ ही श्रीनिवास यांची संकल्पना प्रामुख्याने एका गावाच्या निरीक्षणातून घडली आणि देशभरच्या राजकारणाच्या चर्चेत वापरली गेली. तिची परीक्षाही अन्य गावांतील निरीक्षणांनीच झाली. प्रभुत्व जातीचे की तिच्यातील काही व्यक्तींचे व गटांचे, असा प्रश्न श्यामाचरण दुबे यांनी १९६८ मध्ये उपस्थित केला. एका गावाची टक्केवारी दुसऱ्या गावाला लागू होत नाही. एका गावात सापडलेली संकल्पना मात्र दुसऱ्या गावात तपासता येते. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये तथ्यांतून सिद्धांत उभारण्याची जी रीत सांगितली, तिचा गाभाही हाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर पारदर्शकतेत आहे. निष्कर्ष तोच न मिळाला तरी तो कसा मिळाला, हे वाचकाला पावलोपावली तपासता आले पाहिजे. त्या दृष्टीने महाविद्यालयीन स्तरावर पुढील निकष उपयुक्त ठरतील.

(अ) किती दिवस, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या हंगामात निरीक्षण केले, ते सांगावे. सुगीतले गाव आणि उन्हाळ्यातले गाव ही दोन गावे असतात.

(आ) क्षेत्रटिपणे त्याच दिवशी लिहावीत आणि त्यांत पाहिलेले, ऐकलेले व स्वतःस वाटलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नये. टिपणांची तपासणी मार्गदर्शकाने प्रबंधाआधी करावी.

(इ) संशोधकाच्या स्थानामुळे कोणती दारे उघडली व कोणती बंद राहिली, आणि बंद राहिलेल्या दारांबाबत काय उपाय केला, हे नोंदवावे.

(ई) आपल्या प्रतिपादनाशी न जुळणारे किमान एक उदाहरण सविस्तर द्यावे. असे उदाहरण सापडलेच नसेल, तर ते कोठे व कसे शोधले ते सांगावे.

(उ) नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असे समजू नये. लहान गावात ‘माजी सरपंचाची धाकटी सून’ एवढे शब्द पुरेसे असतात. लिहिलेले छापण्याआधी संबंधितांना वाचून दाखवावे आणि त्यांचा आक्षेप नोंदवावा.

या निकषांना खर्च फारसा नाही. वेळ मात्र लागतो. एका सत्रात साठ विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासणाऱ्या अध्यापकाला तो वेळ कोठून मिळणार, हा रास्त प्रश्न आहे. त्यावर व्यवहार्य मार्ग असा की, प्रत्येकाकडून शंभर अनुसूच्या भरून घेण्याऐवजी एकाच ठिकाणाचे, उदाहरणार्थ आठवडी बाजाराचे किंवा रेशन दुकानाचे, चार आठवड्यांचे निरीक्षण मागावे. चार विद्यार्थ्यांनी एकच बाजार पाहावा आणि चौघांच्या नोंदी वर्गात शेजारी शेजारी ठेवाव्यात. कोणी भाव टिपले असतील, कोणी भांडणे, कोणी बसण्याच्या जागा. कोण कोठे बसते, हे कोणाच्या लक्षात आले व कोणाच्या आले नाही, याची चर्चा झाली की ‘निरीक्षकाचे स्थान’ ही संकल्पना वेगळी शिकवावी लागणार नाही.

समारोप

आत्र्यांनी आपली जागा सांगितली नाही, श्रीनिवासांनी ती उशिरा सांगितली, आणि कर्व्यांनी ती पंगतीत बसून काही अंशी बदलून पाहिली. तिघांचीही निरीक्षणे आजही वाचली जातात, यावरून निरीक्षणाचे सामर्थ्य सिद्ध होते. तिघांनाही न दिसलेली गावाची बाजू पुढे आत्मकथनांनी आणि दलित विचारवंतांनी दाखवली, यावरून त्याची मर्यादा स्पष्ट होते. गुणात्मक पद्धतीचा आग्रह धरताना सांख्यिकीला कमी लेखण्याचे कारण नाही. किंबहुना, कोयत्याचा अर्थ कळल्यावरच ऊसतोड कामगारांची योग्य शिरगणती करता येईल.

आता क्षेत्रीय प्रकल्पांच्या निमित्ताने विद्यार्थी मोठ्या संख्येने गावात व वस्त्यांत जात आहेत. त्यांच्या अहवालांतून मराठी समाजाविषयी मोलाची सामग्री जमू शकते, किंवा कपाटे भरणाऱ्या सारण्याही जमू शकतात. त्यासाठी पहिली अपेक्षा साधी आहे. अहवालात ‘निरीक्षण करण्यात आले’ असे वाक्य आले, की अध्यापकाने त्याखाली रेघ ओढावी आणि समासात लिहावे : कोणी, कोठून, किती दिवस?